बारावी फिजिक्स: ईएमआय (इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन) ग्रुपमध्ये कसं रिव्हाइज करायचं

स्टेट बोर्डाचे १० ते १३ हे चारही चॅप्टर, म्हणजे करंटमुळे होणारं मॅग्नेटिक फील्ड, मॅग्नेटिक मटेरियल्स, ईएमआय आणि एसी सर्किट, एकमेकांत अडकलेत, त्यामुळे एकट्याने वाचत बसण्यापेक्षा तिघं-चौघं मिळून करा, खरंच खूप फरक पडतो. प्रत्येकाने एक चॅप्टर घ्यायचा आणि पुस्तक बंद करून बाकीच्यांना समजवायचा, बाकीच्यांनी मध्ये मध्ये "का?" विचारायचंच, लाजायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ लेन्झच्या नियमाला द्या (कॉइलमध्ये तयार होणारा करंट, ज्या बदलामुळे तो आला त्यालाच विरोध करतो), कारण सगळे फॉर्म्युल्यातली मायनस साइन पाठ करतात पण दिशा विचारली की गप्प. एकाने मॅग्नेटचा नॉर्थ पोल कॉइलकडे न्यायचा (पेन धरलं तरी चालेल), दुसऱ्याने सांगायचं की कॉइलची जवळची बाजू नॉर्थ होणार, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूने बघितलं तर करंट अँटिक्लॉकवाइज. मग मॅग्नेट लांब न्या, आता सगळं उलट. हे न अडखळता येईपर्यंत पुढे जाऊ नका रे.

मग एकमेकांना गणितं घाला, उदा. १०० वेढ्यांची कॉइल, प्रत्येक वेढ्यातला फ्लक्स ०.१ सेकंदात ०.०२ वेबरवरून शून्य, ईएमएफ (कॉइलमध्ये तयार होणारं व्होल्टेज) किती? २० व्होल्ट. वही बदलून तपासा आणि युनिट आधी बघा, चौरस सेंटीमीटरचे चौरस मीटर करताना १०,००० ने भागायचं असतं, १०० ने नाही, इथे फार जणांचे मार्क जातात.

डेरिव्हेशन मात्र प्रत्येकाने स्वतः लिहूनच काढा, ऐकून येत नाही ते.