प्राचीन दफनभूमीच्या उन्हाळी उत्खननात व्हॉलंटियर म्हणून जायचं असेल तर

उत्खननात काम करायला पुरातत्त्वाची डिग्री लागतेच असं नाही. उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीला सुट्टी असते, प्रोफेसर आणि विद्यार्थी मोकळे असतात, बऱ्याच ठिकाणी जमीनही कोरडी असते आणि माती हलवायला हात कमी पडतात, म्हणून जगभरातल्या बऱ्याच साइट्स नवख्या लोकांना घेतात. पण दफनभूमीवरचं काम जरा वेगळं असतं. तिथे तुम्हाला काय सापडलं यापेक्षा ते कुठे, कोणत्या बाजूला तोंड करून आणि कशाला चिकटून पडलं होतं हे जास्त महत्त्वाचं. म्हणून हाड दिसल्या दिसल्या ओढून काढणारा उत्साही माणूस तिथे कुणालाच नको असतो, आणि हात थांबवून सुपरवायझरला हाक मारणारा सगळ्यांनाच हवा असतो.

1. आधी साइट निवडा, आणि प्रश्न विचारा

आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेची फील्डवर्कची यादी ऑनलाइन आहे, तिच्यात वेगवेगळ्या देशांतले प्रोजेक्ट्स असतात, तिथून सुरुवात करा. फील्ड स्कूल आणि साधं व्हॉलंटियरिंग यात फरक आहे. फील्ड स्कूलमध्ये लेक्चर्स असतात, बऱ्याचदा कॉलेजचं क्रेडिट मिळतं आणि फी चांगलीच जास्त असते. व्हॉलंटियरलाही बहुतेक ठिकाणी राहण्या-जेवणाचे पैसे स्वतःच भरावे लागतात, तिकडे जाऊन कमाई होईल या भ्रमात राहू नका. शिवाय अर्ज काही महिने आधीच करावा लागतो, बऱ्याच प्रोजेक्ट्सना किमान दोन आठवडे थांबणारी माणसं हवी असतात आणि वयाची अट बहुधा 18 ची असते.

पैसे भरायच्या आधी ईमेलवर स्पष्ट विचारा: उत्खननाचं परमिट कुणाच्या नावावर आहे? साइटवर हाडांचा तज्ज्ञ म्हणजे ऑस्टिओलॉजिस्ट पूर्ण वेळ असतो का? काढलेले सांगाडे पुढे कुठे जातात, अभ्यासानंतर पुन्हा पुरणार आहेत का, आणि त्या लोकांचे वंशज म्हणवणारा समाज असेल तर त्याच्याशी बोलणं झालंय का? हे आगाऊपणाचे प्रश्न नाहीत. 1989 मध्ये वर्ल्ड आर्किऑलॉजिकल काँग्रेसने वर्मिलियन करार मान्य केला, त्यात मृतांचा आणि त्यांच्या समाजाच्या इच्छेचा मान राखायचा हे तत्त्व आहे, आणि 1990 मध्ये अमेरिकेत मूलनिवासींचे अवशेष परत करण्याबद्दल कायदाच झाला. ज्या प्रोजेक्टला यावर दोन ओळींचं उत्तर देता येत नाही तिथे जाऊ नका, फोटो कितीही भारी असले तरी.

2. तयारी

शरीराची तयारी आधी करा कारण दिवसभर गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसायचंय आणि मधून मधून मातीने भरलेली घमेली उचलायचीयत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, मेडिकल इन्शुरन्स असावा, पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधीच सांगून टाका, चाळणीचं आणि धुण्याचं काम बसून करता येतं.

सामानात जाड सोलचे बूट, गुडघ्याचे पॅड, मोठ्या काठाची टोपी, सनस्क्रीन, पाण्याची मोठी बाटली आणि पातळ हातमोजे हवेत. अंगठ्या, ब्रेसलेट, लोंबते कानातले घरी ठेवा, कबरीत मणी शोधणाऱ्या टीमला तुमचा मणी सापडला तर सगळा गोंधळ. ट्रॉवेल म्हणजे छोटी थापी साइटवर मिळते का ते विचारा, स्वतःची घ्यायची असेल तर साधारण चार इंची, एका तुकड्यात घडवलेल्या पात्याची घ्या, वेल्डिंग केलेली स्वस्तातली मोडते.

3. सुरुवातीचे दिवस फक्त माती

पहिल्याच दिवशी सांगाड्याशेजारी बसवतील अशी अपेक्षा नको. गरम भागात काम पहाटेच सुरू होतं आणि दुपारी उन्हात थांबतं, मग सावलीत खापरं धुणं, लेबलं लिहिणं. ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननासाठी खणलेल्या चरात, तुम्हाला थापीची कड जमिनीला जवळपास आडवी धरून माती पातळ थरात स्वतःकडे ओढायला शिकवतील. टोकाने टोचायचं नाही. ट्रेंचच्या काठावर उभं राहायचं नाही, काठ ढासळतो आणि त्यातले थरही बिघडतात.

या ओढण्यातच डोळा तयार होतो. कबर खणताना खालची-वरची माती मिसळते, त्यामुळे परत भरलेल्या मातीचा रंग आणि घट्टपणा आजूबाजूपेक्षा वेगळा असतो, आणि नीट साफ केलेल्या जमिनीवर लांबट डाग दिसायला लागतो. माती वाळली की डाग नाहीसा होतो, म्हणून फवारा मारून बघतात. रंग मनाने लिहीत नाहीत, मन्सेल चार्ट नावाचं रंगांच्या तुकड्यांचं पुस्तक असतं, त्याला लावून नंबर लिहितात.

आणि सांगाडा असेलच असंही नाही. इंग्लंडमधल्या सटन हू इथे 1939 मध्ये जहाजासकट दफन सापडलं पण माणूस सापडला नाही, तिथली आम्लधर्मी वाळू हाडं खाऊन टाकते. नंतरच्या उत्खननात तिथेच काही कबरींत वाळूत उमटलेले शरीराचे गडद आकार मिळाले. असा डाग दिसला आणि तुम्ही तो घाण समजून खरवडला, तर माणूसच गेला म्हणा.

4. हाड दिसलं की

थांबा. हाक मारा. ते हाड माणसाचंच आहे की जनावराचं हे ठरवायचं काम तुमचं नाही.

पुढचं साफ करणं तुम्हाला दिलं तर लोखंडी थापी बाजूला ठेवून बांबूची काडी आणि मऊ ब्रश घ्यायचा, धातूचा ओरखडा हाडावर उठला की नंतर तो जुन्या जखमेसारखा दिसू शकतो. हाडाच्या भोवतीची माती काढायची पण खालची ठेवायची, आधार गेला की हाड सरकतं. डीएनएसाठी नमुने घ्यायचे असतील तर ग्लोव्हज आणि मास्कशिवाय जवळ जाऊ देत नाहीत. दात आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचं कवटीचं कठीण हाड यात डीएनए चांगला टिकतो, त्यामुळे तिथे उघडे बोट लावणं म्हणजे स्वतःचा डीएनए त्यात मिसळणं.

आता जागेचं महत्त्व कुठे येतं बघा. समजा दोन्ही पावलं एकमेकांना चिकटलेली आहेत, खांदे आत दाबलेले आहेत आणि गळ्याजवळची हाडं उभी वळलीयत. असं दिसलं की तज्ज्ञांना शंका येते की प्रेत कापडात घट्ट गुंडाळलं असावं, कापड तर कधीच कुजलंय पण त्याचा दाब हाडांच्या ठेवणीत राहिलाय. लाकडी पेटीचंही तसंच, लाकूड जातं आणि गंजलेल्या खिळ्यांची रांग उरते. एक खिळा "हा काय गंजलेला तुकडा" म्हणून बाजूला टाकला की पेटीचा एक कोपरा गायब.

5. नोंदी

नवख्यांना कंटाळा इथेच येतो, आणि मला विचाराल तर खरं काम हेच. प्रत्येक खड्ड्याला, त्यातल्या मातीला आणि सांगाड्याला वेगळा नंबर असतो. फोटोत स्केल म्हणजे मोजपट्टी आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण हवा, पाटीवर नंबर हवा, आणि तुमची सावली नको. मग चित्र, टोटल स्टेशन म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने मोजमाप, आणि आजकाल थ्रीडी मॉडेलसाठी सगळ्या बाजूंनी फोटो. फॉर्म भरताना "छोटा दगड" लिहू नका, सेंटिमीटर लिहा. कोणती कबर कोणत्या थराला कापून जाते हे लिहिलं की आधी काय आणि नंतर काय ते कळतं, याची आकृती मांडायची पद्धत पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी 1973 मध्ये काढली आणि ती आजही वापरतात.

6. उचलणं आणि पॅकिंग

परवानगीशिवाय एक बोटाचं हाडही उचलायचं नाही. एका हातात 27 आणि एका पायाच्या पावलात 26 हाडं असतात, सगळी लहान, त्यामुळे डावा हात, उजवा हात, डावं पाऊल, उजवं पाऊल अशा चार वेगळ्या पिशव्या आणि प्रत्येकीवर साइट कोड, नंबर, तारीख. एकदा मिसळली की वेगळी करणं तज्ज्ञालाही जड जातं. पोटाच्या भागातली माती वेगळी ठेवतात, तिच्यात जंतांची अंडी किंवा मूतखडे सापडू शकतात. उरलेली माती चाळणीतून जाते, लहान मुलांचे हिरडीतून बाहेर न आलेले दात तिथेच मिळतात. हाडं उन्हात वाळवायची नाहीत, तडकतात.

7. फोटो आणि वागणं

कवटीसोबत सेल्फी नको, विनोद नको, सांगाड्यांना टोपणनावं तर अजिबात नको. साइटचं लोकेशन टाकू नका, लुटारू अशा पोस्टवर नजर ठेवून असतात. काय पोस्ट करता येईल ते डायरेक्टरला विचारा. इस्राएलमधल्या अ‍ॅश्केलॉनला 1985 पासून मोहीम चालू होती, फिलिस्टाइन म्हणजे बायबलमध्ये उल्लेख असलेल्या प्राचीन लोकांची दफनभूमी हाती लागली 2013 मध्ये आणि जाहीर झालं 2016 मध्ये, मधली तीन वर्षं टीमने तोंड बंद ठेवलं. तुम्हालाही तसं सांगितलं तर घरच्यांनाही सांगू नका.

कुणाला हाडं बघून अस्वस्थ वाटलं, विशेषतः लहान मुलाची कबर असेल तेव्हा, तर तसं सांगून दुसरं काम मागा, याबद्दल कुणी नावं ठेवत नाही.

शेवटच्या एक-दोन दिवसांत ट्रेंचमध्ये कापड अंथरून माती परत भरायची असते आणि त्या वेळी अर्धे लोक आधीचं तिकीट काढून निघून गेलेले असतात. तुमचं तिकीट त्यानंतरचं काढा. निघायच्या आधी तुमच्या वहीतल्या नोंदींचे फोटो सुपरवायझरला देऊन जा, रिपोर्ट लिहायला बसल्यावर त्यांना त्या लागतात, आणि पुढच्या हंगामासाठी शिफारसपत्र हवं असेल तर तेही तेव्हाच मागा.