गुलाबाईचा फेर पुन्हा उभा करायचा असेल तर

मी अमळनेरला ब्लाऊज-परकर शिवते. नाचातली मी कुणी जाणकार नाही. तरी आमच्या गल्लीत सहा वर्षांपासून गुलाबाईपुढे, म्हणजे भाद्रपदात बसवतात त्या मातीच्या पार्वतीपुढे, टिपऱ्यांचा फेर चालतो आणि हल्ली पारोळा-चोपड्याकडच्या बाया फोन करून विचारतात, ताई, आमच्याकडे कसं सुरू करायचं? एकेकीला अर्धा तास सांगत बसलं की मशीन बंद राहतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमचं सुरू झालं ते एका घागऱ्यामुळे. माझी भाची अमेरिकेत, टेक्सासात राहते. तिच्या शेजारची मेक्सिकन मुलगी दर शनिवारी नाच शिकायला जाते. तिचा घागरा उसवला तेव्हा भाचीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मावशी, हा कसा जोडायचा?" तो घेर बघून मी कात्री खाली ठेवली. रात्री जुन्या चादरीवर हिशोब मांडला. कंबर 28, उंची 36 धरली तर एका पूर्ण गोलाला 44 पन्ह्याचं सव्वाचार मीटर कापड लागतं आणि खालचा घेर अडीचशे इंचांवर जातो. त्यांचे चांगले घागरे दुहेरी गोलाचे, म्हणजे पावणेपाचशेच्याही पुढे. आपलं नऊवार 324 इंच!

त्या नाचाला बाले फोल्क्लोरिको म्हणतात. बायका दोन्ही हातांनी घागरा धरून फिरवतात, आणि बुटांच्या टाचेला-चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असल्यामुळे पाय वाजतात. तिकडच्या हालिस्को प्रांताचा पोशाख वेगळा, वेराक्रुझचा पांढराशुभ्र. मिचोआकानात पोरं म्हाताऱ्यांचे मुखवटे घालून, काठी टेकत, कंबर धरून नाचतात. आमालिया एर्नांदेस नावाच्या बाईने 1952 साली मेक्सिकोत मंडळी जमवून हे नाच मोठ्या रंगमंचावर नेले. पण भाचीच्या शेजारी शिकवणारी बाई दिवसभर दुकानात काम करते आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये वीस पोरं नाचवते. ते लोक देश सोडून गेले तरी हे धरून आहेत. आणि आम्ही बोरी नदीच्या काठावर बसून गुलाबाई विसरलो. माझ्या मुलीला नवरात्रातला दांडिया येत होता, गुलाबाईचं एक गाणं येत नव्हतं.

तर पहिलं काम, नाचणाऱ्या शोधू नका. ज्यांच्या घरी श्रावणात कानबाई ही देवी बसते, ज्यांच्या अंगणात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधतात, अशी घरं शोधा. तिथे एखादी म्हातारी नक्की असते. आमच्याकडे ती मोठी माय, वय पंच्याऐंशी. तिच्यासमोर मोबाईल धरून "आजी, गाणं म्हणा" म्हटलं की ती गप्प. दोनदा परत आले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "नुसतं बशीसन गानं येत नही वं माय, हातले काहीतरी काम दे." मी शेंगांची टोपली पुढे ठेवली. शेंगा फोडता फोडता तिने एका बैठकीत सात गाणी म्हटली. तेव्हापासून मी रेकॉर्डिंगला शेंगा नाहीतर निवडायची मेथी घेऊनच जाते. मोबाईल हातात धरू नका, खाटेवर उशीला टेकवा आणि पंखा बंद करा, नाहीतर पुढे नुसती घरघर ऐकत बसाल.

गाण्याबरोबर त्या बाईचं माहेर लिहून घ्या. हे फार जणी विसरतात. गाणं सासरच्या गावात सापडतं, पण ते आलेलं असतं माहेराहून. त्यामुळे एकाच गाण्याच्या तीन चाली निघतात. "खरी कोणती?" म्हणून भांडू नका, तिन्ही ठेवा. अहिराणी, म्हणजे आमची खानदेशी बोली, जशी कानावर पडली तशीच लिहा. आमच्यातल्या एका शिकलेल्या सुनेने सगळीकडे 'शे'चं 'आहे' करून टाकलं होतं. म्हणून पाहिलं तर ओळ ठेक्यातच बसेना. आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा. माझा मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला आणि सतरा गाणी गेली. त्यातली चार म्हणणारी बाई आता नाही.

टिपऱ्या बाजारातून आणू नका. दांडियाच्या रंगीत काठ्या लांब असतात आणि बद्द वाजतात. आम्ही सुताराकडून बाभळीच्या करून घेतल्या, दीड वितीच्या. धरायच्या टोकाला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळून टाके घातले, घामाने सटकत नाहीत.

आता फेर. इथे जरा लक्ष द्या, कारण आमचं पहिलं वर्ष इथेच वाया गेलं. फेरात मोजून सम संख्या हवी. ठेका चाराचा: आपल्या टिपऱ्या आपल्यावर, मग एका शेजारणीच्या टिपरीवर, पुन्हा आपल्यावर, मग दुसऱ्या शेजारणीच्या. मी उजवीकडे वळले तर माझी उजवी शेजारीण त्याच वेळी डावीकडे वळायला हवी. अकरा जणी असल्या की एकीची टिपरी हवेत जाते, ती बावरते आणि तिच्यापासून अख्खा फेर फुटतो. म्हणून मुलींना ओळीने एक-दोन, एक-दोन म्हणायला लावा. 'एक'वाल्या आधी उजवीकडे, 'दोन'वाल्या आधी डावीकडे. विषम झाल्या तर एखादीला मधे गुलाबाईपाशी बसवा, गाणं उचलायला तिथे कुणीतरी लागतंच.

शिकवताना आधी बसूनच शिकवा, टिपऱ्यांशिवाय, टाळ्यांवर. मग टिपऱ्या हातात द्या. मग उभं करा, पण जागेवरच. फिरायला शेवटी. आणि फिरणं जमेपर्यंत गाणं मोठ्या बायांनीच म्हणायचं, कारण तोंड, हात आणि पाय एकदम सुरू केले की मुली तोंड बंद करतात आणि मग ते कायमचंच बंद होतं. सरावाच्या तासात बोलणं अहिराणीत, चुकीमाकीचं का असेना.

कपड्यांचं मी सांगायला लागले तर संपायचं नाही. लावणीचं शिवलेलं चकचकीत नऊवार भाड्याने मिळतं, ते आणू नका. बायांनी घरातल्या पेटीतलं लुगडं नेसावं आणि नेसवायला घरातलीच म्हातारी बोलवावी, दर गावाची तऱ्हा वेगळी असते. पोरींना सुती परकर-पोलकं. परकर घोट्याच्या वर ठेवा आणि आत तीन इंचांची दुमड घाला. पोरगी वाढते तशी उसवायची, दोन वर्षं निघतात.

आता स्टेज. पहिलं वर्ष जाऊच नका. आम्ही गेलो. चार मिनिटं दिली, बारा जणींना सोळा फुटांचं स्टेज, आणि आयोजक म्हणाले, "ताई, प्रेक्षकांना पाठ दाखवू नका." मी भाबडेपणाने फेर उघडून अर्धचंद्र केला. दोन टोकांच्या दोघींना एका बाजूला शेजारीणच उरली नाही! वर गाणं 'जरा फास्ट' हवं होतं. आता कुणी बोलावलं तर माझी एकच अट: स्टेजच्या खाली, मोकळ्या जागेत, लोक चारही बाजूंनी. डीजे बंद, एक ढोलकी पुरे. रिक्षाभाडं आणि नाश्ता घेतो, त्याहून जास्त दिलं तर वहीत लिहून सगळ्यांसमोर मोजतो.

कुणी म्हणतं, त्यात सातपुड्यातला आदिवासी नाचही घाला, छान दिसेल. मी नाही म्हणते. काठी गावच्या होळीत मोरपिसांचा टोप घालून, कंबरेला घुंगरू बांधून नाचणारे बुध्या नवस म्हणून ते करतात, पाळणूक पाळतात. पाहायला अक्कलकुव्याकडे जावं, मीही गेले आहे. तो टोप मी शिवणार नाही.

वेळ रात्री नऊची ठेवा, जेवणं उरकल्यावर. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसते तेव्हा सुरुवात करा आणि कोजागरीपर्यंत रोज खेळा. पुढे कापूस वेचणी सुरू झाली की बाया दमून येतात, तेव्हा आठवड्यातून एकदाच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, सोमवारी विसर्जनाला फुगडी. आखाजीला ऊन इतकं असतं की सराव पहाटेच.

आणि पोरींनी रोज यावं म्हणून खाऊ ओळखायचा खेळ सोडू नका. डबा हलवायचा, आवाजावरून ओळखायचं. जिची पाळी तिने खाऊ आणायचा, आणि ओळखला गेला तर दुसऱ्या दिवशीही तिनेच. मुलं फेरात येत नाहीत, पण डब्याच्या वेळेला बरोबर हजर होतात, म्हणून आता ओळखायचा पहिला मान ढोलकी धरणाऱ्याला दिलाय. दोन पोरं ढोलकी शिकली. गेल्या वेळी मोठ्या मायने डबा आणला होता. कितीही हलवला तरी आवाजच येईना. आम्ही सगळ्या हरलो, उघडला तर आत गच्च भरलेला भरताचा गोळा, वांग्याचा, देठासकट.