जुन्या स्प्लेंडरला कमी खर्चात नवं रूप कसं द्यावं

बजेट दहा हजारांचं असेल, तर निम्मे पैसे दिसण्याआधी चालण्यावर घालवा. चेन-स्प्रॉकेट झिजलेलं, कोनसेट (हँडलखालच्या बेअरिंगचा संच) ढिला आणि टायर गुळगुळीत असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी गाडी खडखडतच राहणार.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून चासी कापायची नाही आणि फटफट आवाजाचा सायलेन्सर बसवायचा नाही. साडीगार्डही ठेवा. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणं आणि मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट असणं नियमातच आहे. आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे मूळ रंगाच्याच छटेत राहिलात तर आरटीओची फेरी वाचते.

टाकी आणि साइड पॅनल. पेट्रोल काढा, टाकी उतरवा आणि उघड्यावर वाळू द्या. रिकाम्या टाकीतही वाफ उरते, त्यामुळे पोचा काढायला वेल्डिंग किंवा गॅसची शेगडी अजिबात नको. पोचे लांबीने (पुट्टीने) भरून घ्या. 320 च्या वॉटर पेपरने घासा, प्रायमर मारा, मग 600 ने पुन्हा घासा. रंग 20-25 सेंटीमीटरवरून, पातळ थरांत, दोन थरांमध्ये दहा मिनिटं सोडून. एकदम जाड थर दिला की ओघळ येतात आणि मग पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नसतं. 400 मिलीचे दोन डबे रंगाला, एक प्रायमरला पुरतो. स्टिकर क्लिअरच्या, म्हणजे शेवटच्या पारदर्शक थराच्या आधी लावा.

क्लिअर मात्र हार्डनर मिसळायचा, म्हणजे टू-के प्रकारचाच घ्या. साध्या स्प्रे डब्याच्या क्लिअरवर पेट्रोलचे थेंब पडले की झाकणाभोवतीचा रंग फुगून निघतो. टू-केची वाफ फुफ्फुसांना घातक असते. योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर हे काम पेंटरकडेच द्या. पावसाळ्यात रंगवू नका, दमट हवेत क्लिअर पांढुरका पडतो.

वायरिंग. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एलईडी इंडिकेटर लावले की ते भराभर लुकलुकतात किंवा नुसतेच पेटून राहतात, कारण मूळ फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) 10 वॉटच्या बल्बांच्या लोडवर बेतलेला असतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला की प्रश्न मिटतो. तरीही चारही दिवे एकदम लुकलुकत असतील, तर मीटरमधला एकच पायलट बल्ब (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा) दोन्ही बाजूंना जोडलेला आहे. त्याची एक वायर सोडवून अर्थला द्या. दुसऱ्या वायरला दोन 1एन4007 डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारे सुटे भाग) जोडा, एक डाव्या आणि एक उजव्या लाइनवरून, डायोडवरच्या पट्टीची बाजू बल्बकडे ठेवून.

हेडलाइटला हात लावण्याआधी बघा: इंजिन आयडलला असताना प्रकाश मंद होतो आणि रेस दिल्यावर वाढतो का? तसं असेल तर तो थेट मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत बहुधा असंच असतं. तिथे साधा एलईडी बल्ब फडफडतो आणि लवकर जातो. बॅटरीवर घ्यावा, तर अडीच-तीन अँपिअर-अवरची बॅटरी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये उतरते. मूळ 35/35 वॉटचाच बल्ब ठेवा, पिवळा पडलेला रिफ्लेक्टर बदला. फरक तेवढ्यानेही दिसतो.

हँडल, टायर, सीट. उंच हँडल बसवलं तर क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल लांब लागते. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय, तशी गाडी रस्त्यावर काढू नका. समोरच्या ड्रम ब्रेकची केबलही त्याच वेळी तपासा.

मागे 2.75-18 ऐवजी 3.00-18 चालतो. त्याहून रुंद टायरला मूळ रिम अरुंद पडते, टायर चेनला घासू शकतो आणि मायलेजही घटतं. सीटचं रेक्झिन बदलताना फोमही बघून घ्या. दबलेल्या फोमवर नवं कव्हर महिनाभरात सुरकुततं.