स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप बसवताना

स्प्रिंगच्या एअर रायफलवरचे बरेच स्कोप ॲलन कीने मरतात. माउंट, म्हणजे स्कोपला रायफलवर धरणारा आधार, मागे सरकतो, म्हणून स्क्रू आवळला जातो. पुन्हा सरकतो, पुन्हा आवळला जातो. शेवटी स्कोपची नळी चेपते, आतली यंत्रणा अडकते आणि माउंट तरीही सरकतोच. हे सरकणे थांबवायचे काम स्टॉप पिनचे, म्हणजे माउंटमधून रायफलच्या भोकात उतरणाऱ्या खिळीचे आहे. स्क्रूने फक्त धरून ठेवायचे. एवढे ध्यानात ठेवले तर पुढची बहुतेक कामे सोपी होतात.

माउंट का सरकतो, ते आधी पाहू. ट्रिगर दाबला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि रायफल थोडी मागे येते. लगेच दट्ट्या सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो आणि रायफल झटक्याने पुढे जाते. हा दुसरा झटका जास्त तीव्र असतो. रायफल पुढे जाते, पण स्कोप जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. म्हणजे रेलवर (माउंट बसतो त्या पट्टीवर) तो मागे, डोळ्याकडे सरकतो. काडतुसाच्या रायफलवर नेमके उलटे होते, आणि अनेक स्कोप तोच एका दिशेचा झटका गृहीत धरून बांधलेले असतात. त्यामुळे मोठ्या बोअरच्या रायफलवर वर्षानुवर्षे टिकलेला महागडा स्कोप छऱ्याच्या बंदुकीवर रेटिकल (आतल्या नेमाच्या रेषा, म्हणजेच क्रॉसहेअर) सैल होऊन निकामी होऊ शकतो. स्कोप घेताना तो स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी चालतो असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते बघा. तो ९-१० मीटर इतक्या जवळही फोकस करता येणारा हवा. साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलल्याने नेम सरकल्याचा भास) बहुधा १०० यार्डांवर नाहीसा होईल असा बसवलेला असतो. तो २० मीटरवर वापरला तर डोळा जरासा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला हा दुहेरी झटका नसतो. तिथे पिनची चिंता नाही, बाकीचे सगळे मात्र तसेच लागू आहे. नेमबाजीच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यांसाठी एक खुलासा: ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले तेही स्कोपविना, छिद्राच्या डायॉप्टर साइटमधून. त्यामुळे दहा मीटरच्या सरावाच्या रायफलवर स्कोप लावून सवय बिघडवू नका.

काय लागते

रायफलच्या पाठीवर बहुधा ११ मिमीचे डोव्हटेल असते, म्हणजे दोन्ही कडांना तिरक्या खाचा. माउंट त्याच मापाचा घ्या. पिकॅटिनी किंवा वीव्हर या वेगळ्या मापाच्या रेलचा माउंट त्यावर बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर खाचेच्या कडा कापल्या जातात. स्कोपची नळी २५.४ मिमी की ३० मिमी, हे कॅलिपरने मोजून रिंग (माउंटची नळीला धरणारी कडी) घ्या. ३० ची रिंग कागद गुंडाळून २५.४ च्या नळीवर आवळणे म्हणजे नळीला बाक आणणे.

जोरदार स्प्रिंग असेल तर दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट चांगला. रेलवरची पकड लांब मिळते आणि दोन्ही रिंगा मुळातच एका रेषेत असतात. रिंगेची उंची पुरेल तेवढीच ठेवा. स्कोपचे पुढचे तोंड आणि सिलिंडर यांत २ ते ३ मिमी फट पुरते. फार उंच रिंग घेतली तर गाल स्टॉकवरून (रायफलच्या दस्त्यावरून) उठतो आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो.

माउंटच्या स्क्रूंना लागणाऱ्या ॲलन की (बहुधा २.५ आणि ३ मिमी), छोट्या आकड्यांचा टॉर्क (आवळण्याचा जोर मोजणारा) स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड, पाणसळ आणि ओळंब्याला दोरा, एवढे जवळ असावे. झिजलेली ॲलन की वापरू नका. ती स्क्रूचे डोके गोल करते, आणि मग तो स्क्रू ड्रिल करून काढायची वेळ येते.

रेल आणि पिन

बंदूक रिकामी आहे आणि स्प्रिंग दाबलेली नाही, याची खात्री करा. ब्रेक बॅरल (छर्रा भरायला मोडून खाली झुकणारी नळी) उघडली असेल तर तिच्यात बोट घालू नका. मग आधी स्टॉकचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते हमखास सैल होतात, आणि त्यामुळे विखुरणाऱ्या ग्रुपचा (एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांच्या खुणांचा) दोष उगाच स्कोपवर येतो.

रेल आणि माउंटचे जबडे अल्कोहोलने पुसा. कारखान्यातले तेल तिथे राहिले तर पकड कधीच येत नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात इतरत्रही माउंटखाली गंज धरतो, म्हणून पावसाळा संपला की एकदा माउंट काढून रेल साफ करायची. तेलाचा हात मारलात तरी माउंट परत चढवण्याआधी तो पुसून टाका.

आता पिन. बहुतेक रायफलींच्या सिलिंडरवर रेलच्या मागच्या टोकाशी एक ते तीन भोके असतात. माउंटच्या मागच्या भागातला उभा स्क्रू, म्हणजेच स्टॉप पिन, त्या भोकात उतरवायची. पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकलेली हवी. ती भोकात मधेच लटकत असेल, तर पहिल्याच शॉटला माउंट सरकून भिंतीवर आदळेल आणि काही दिवसांत पिन वाकेल. म्हणून पिन उतरवली की माउंट हाताने मागे ओढा, टेकल्याचे जाणवू द्या आणि तसाच धरून जबड्यांचे स्क्रू लावा. पिन तळाशी टेकून माउंट उचलत असेल तर अर्धा फेरा वर घ्या. उचललेला माउंट डोव्हटेलवर दोनच रेषांवर टेकतो, मग कितीही आवळा.

भोक नसेल तर रेलवर माउंटच्या मागे चिकटून एक स्वतंत्र स्टॉप ब्लॉक लावा. घरी सिलिंडरला भोक पाडण्याच्या फंदात पडू नका. त्याच भिंतीच्या आत दट्ट्या धावतो.

जबड्यांचे स्क्रू एकाआड एक, पाव-पाव फेऱ्याने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. ॲल्युमिनियमच्या माउंटचे आटे एकदा गेले की तो माउंट गेला.

रिंग आवळणे

बहुतेक नुकसान इथे होते, म्हणून सावकाश.

खालच्या अर्ध्या रिंगांत स्कोप नुसता ठेवा. तो दोन्हीकडे सारखा टेकतो का, की एका टोकाला डुगडुगतो? डुगडुगत असेल तर रिंगा एका रेषेत नाहीत. वरून आवळले की नळी वाकणार. माउंट बदलणे उत्तम. २५.४ मिमीच्या सळईने आणि घासण्याच्या पेस्टने रिंगांची आतली बाजू घासूनही घेता येते, पण सुमारे तीन चतुर्थांश भागावर चमक आली की थांबा. रिंगेत प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर हे करू नका.

रिंग नळीच्या सरळ भागावरच हवी. पुढच्या फुगीर भागावर चढू नये आणि मधल्या टरेटच्या (नेम वर-खाली वा बाजूला सरकवणाऱ्या बटणाच्या) ठोकळ्याला टेकू नये. ३ ते ५ मिमी जागा सोडा. टेकलेली असली तर प्रत्येक झटका थेट ठोकळ्यावर बसतो.

वरच्या टोप्या (रिंगांचे वरचे अर्धे भाग) ठेवून स्क्रू हलकेच लावा, स्कोप हाताने सरकेल इतपतच. मॅग्निफिकेशन सर्वात जास्त ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीच्या जागी टेकवा आणि डोळे उघडा. चित्र काळ्या कडेशिवाय पूर्ण दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळा आणि भिंग यांत बहुधा ७५ ते १०० मिमी अंतर येते.

मग रेटिकल उभी करा. १५-२० मीटरवर ओळंबा टांगा. रायफल पाणसळीने सपाट ठेवून रेटिकलची उभी रेषा दोऱ्याशी जुळवा. हे नुसते दिसण्यापुरते नाही. रेटिकल ३ अंश तिरकी असली आणि १०० मीटरसाठी टरेटवर कोनाची १० मिनिटे (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चढवली, तर नेम सुमारे २९ सेमी वर जातो आणि त्याच वेळी दीड सेमी बाजूलाही.

आता टोपीचे स्क्रू. कर्णरेषेत, म्हणजे एक इकडचा पुढचा, मग तिकडचा मागचा, पाव फेऱ्याहून जास्त नाही. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर स्कोप त्या बाजूला वळतो आणि ओळंबा वाया जातो. दोन्हीकडच्या फटी सारख्या दिसायला हव्यात. फट पूर्ण बंद झाली असेल तर रिंग नळीला पकडतच नाही, दोन अर्धी एकमेकांनाच पकडून बसली आहेत.

आकडा १.७ ते २ न्यूटन-मीटर, म्हणजे १५ ते १८ इंच-पाउंड. एका रिंगेला चार स्क्रू असतील तर १२ ते १५ इंच-पाउंड पुरतात. माउंटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क स्क्रूड्रायव्हर नसेल तर ॲलन की उलटी धरा: लांब दांडा स्क्रूमध्ये, आखूड दांडा दोन बोटांत. बोटांनी जेवढे होते तेवढेच. टोपीच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा द्रव) लावू नका. ओला असताना तो वंगणाचे काम करतो आणि त्याच टॉर्कला नळीवर जास्त दाब येतो.

एक चाचणी जरूर करा. आवळण्याआधी झूमची कडी फिरवून तिचा जडपणा लक्षात ठेवा. आवळल्यावर ती आधीपेक्षा जड फिरली तर मागची रिंग आतल्या नळीला दाबते आहे. पुढच्या फोकसच्या कडीचेही तसेच. लगेच सैल करा. या वेळी सुधारले तर स्कोप वाचतो.

नेम खालीच राहतो तेव्हा

बऱ्याच ब्रेक बॅरल रायफलींची बॅरल रेलच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. मग टरेट वर संपेपर्यंत फिरवला तरी छर्रे खालीच लागतात. टरेट टोकाला गेला की आतली स्प्रिंग ढिली पडते आणि प्रत्येक शॉटला नेम भटकतो. लोक अशा वेळी छऱ्यांना दोष देतात.

शीतपेयाच्या डब्याची पत्री साधारण ०.१ मिमी जाडीची असते. मागच्या रिंगेत, नळीच्या खाली, तिची एक पट्टी ठेवा. रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर एका पट्टीने नेम १० मीटरवर १ सेमी आणि २५ मीटरवर अडीच सेमी वर येतो. दोन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्यापुढे नळीला बाक येतो, तेव्हा मागे उंच असलेला किंवा कोन बदलता येणारा माउंटच घ्या.

झीरो

झीरो म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवणे. १० मीटरपासून सुरुवात करा. एका छऱ्यावरून काही ठरवू नका. पाच मारा आणि ग्रुपचा मध्य धरा. टरेटचा पाव मिनिटाचा एक क्लिक १० मीटरवर सुमारे ०.७ मिमी सरकवतो, २५ मीटरवर १.८ मिमी. म्हणजे १० मीटरवर २ सेमी सरकवायला सुमारे २८ क्लिक लागतात. पाच-सहा क्लिक फिरवून काहीच हलले नाही असे वाटते ते यामुळेच. छर्रा न घालता ट्रिगर दाबून बघू नका, दट्ट्या हवेच्या उशीशिवाय आदळतो.

माउंटच्या पुढच्या कडेला रेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा, आणि रिंगेच्या कडेला नळीवरही एक. २०-२५ शॉटनंतर दोन्ही बघा. रेघ आणि माउंट यांत फट दिसली तर पिन नीट टेकलेली नाही. माउंट उतरवून पुन्हा बसवा. नळीवरची रेघ सरकली असेल तर रिंगेच्या आत तेल राहिले आहे: टोपी काढा, अल्कोहोलने पुसा आणि त्याच आकड्याला पुन्हा आवळा.