फायबरच्या लँडलाइनचं बिल: 'सगळे कॉल फ्री' म्हणजे नेमकं काय

सिडकोतल्या घरी फायबर घेतलं तेव्हा आईची अट एकच होती, इंटरनेट घ्या नाहीतर नका घेऊ पण फोन पाहिजे. बसवायला आलेला पोरगा म्हणाला काकू सगळे कॉल फ्री, आणि दुसऱ्याच महिन्यात ४९९ च्या प्लॅनवर बिल आलं ११०८ रुपये. आईला वाटलं मी रात्री पिक्चर बघतो म्हणून.

तर अशा वेळी आधी टॅक्स बाजूला काढायचा. प्लॅनच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतोच (बिलात ९ अधिक ९ असा दिसतो), म्हणजे ४९९ चे ५८८.८२ होतात, तेवढं बिल बरोबरच आहे. त्याच्या वर जे काही असेल ते शोधायचं. कंपनीच्या ॲपवर लॉगिन करून आयटमाइज्ड बिल डाऊनलोड करा, पहिल्या पानावर नुसती बेरीज असते, खरी गंमत मागच्या पानावर, तिथे एकेका कॉलची तारीख, नंबर, वेळ आणि रक्कम असते.

आमच्या बिलात नऊ कॉल होते, सगळे ००९७१ ने सुरू होणारे. म्हणजे मावशी! ती दुबईला असते, तिकडे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल चालत नाही, म्हणून आई सरळ फोन उचलून लावत होती. 'अनलिमिटेड' म्हणजे भारतातले नंबर, मग तो पंचवटीतला असो की पुण्याचा की मोबाईल. आयएसडी म्हणजे परदेशी कॉल त्यात सहसा नसतात, त्याचा देशानुसार वेगळा दर असतो आणि तो प्लॅनच्या मोठ्या अक्षरात कधीच नसतो, खाली 'अटी' मध्ये शोधावा लागतो.

आता पल्स, म्हणजे कॉलचे पैसे ज्या वेळेच्या तुकड्याने मोजतात तो, समजून घ्या कारण हिशोब इथेच चुकतो. पल्स ६० सेकंदांचा असेल तर ४ मिनिटं ६ सेकंद बोललात की ५ मिनिटांचे पैसे. आईचा एक कॉल अगदी असाच होता, 'बरं ठेवते, हां आणि काय गं' यात ते सहा सेकंद गेले असणार 😄 नऊ कॉल मिळून बोलणं झालं साधारण ३८ मिनिटं, बिलात धरली ४४. आमचा दर १० रुपये मिनिट, म्हणजे ४४० आणि त्यावर जीएसटी ७९.२०. जुळलं. नुसती रिंग वाजून फोन उचललाच नाही तर पैसे लागत नाहीत, पण समोर रेकॉर्डेड आवाजाने जरी कॉल उचलला तरी मीटर सुरू.

अजून एक, बरेच जण विचारतात की हा फोन इंटरनेटवर चालतो मग बोलल्याने डेटा संपतो का. आवाज जातो त्याच फायबरमधून, भिंतीवरच्या त्या मोडेमच्या डब्यातून, पण साध्या कॉलला दोन्ही बाजूंचं मिळून तासाला ७०-८० एमबीच्या आसपास लागतात, महिन्याला शेकडो जीबी वापरणाऱ्या घरात ते कुठे दिसणारही नाही. त्याची काळजी सोडा. लाईट गेली की मात्र डबा बंद आणि फोनही बंद, जुन्या तांब्याच्या वायरीसारखं नाही, म्हणून छोटा यूपीएस लावून ठेवा.

नंबर लावताना मोबाईलच्या आधी शून्य लागतो, जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे, त्याचे जास्त पैसे वगैरे पडत नाहीत. १८०० वाले नंबर फ्री, पण १८६० वाले फ्री नाहीत, त्याला लोकल कॉलचा दर लागतो, त्यामुळे तुमचा प्लॅन अनलिमिटेड नसेल तर बँकेच्या कस्टमर केअरला 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकत बसायचे पण पैसे जातात. आणि अनोळखी परदेशी नंबरची एकच रिंग येऊन कट झाली तर उलट फोन करू नका, +१ म्हणजे दरवेळी अमेरिकाच नसते, कॅरिबियनमधली कितीतरी बेटं त्याच कोडवर आहेत आणि तिथले दर भयंकर असू शकतात.

आयएसडी नकोच असेल तर कस्टमर केअरला सांगून बंद करून घ्या, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा कारण पुढच्या बिलात गडबड झाली तर तोच उपयोगी पडतो. आम्ही पूर्ण बंद नाही केलं. मावशीच्या फोनवर तिकडे चालणारं बोटिम नावाचं कॉलिंग ॲप आहे, आईच्या मोबाईलवर पण टाकून दिलं, लँडलाइनवरून फक्त 'ऑनलाइन ये गं' एवढं सांगायचं, एका मिनिटात. दहा रुपये अधिक टॅक्स, ११.८०. मागच्या बिलात असे चार कॉल होते, त्यातले दोन सव्वा मिनिटाचे.