पंधराव्या शतकात नॉरफोकमधून पार्लमेंटवर निवडून यायचं असेल तर

हे मार्गदर्शन १४५० ते १४७०च्या सुमाराच्या, इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) बेताच्या जमीनदारासाठी आहे. काउंटीला जागा दोनच. बहुतेक वेळा त्या मतदानाआधीच उमरावाच्या वाड्यावर ठरलेल्या असतात, म्हणून तयारीही तिथूनच करायची.

आधी पात्रता बघा. १४४५च्या कायद्याप्रमाणे उमेदवार नाइट (सरदारकीचा किताब मिळालेला) हवा, नाहीतर नाइट होण्याच्या ऐपतीचा घरंदाज माणूस. योमन, म्हणजे साधा शेतकरी जमीनमालक, चालत नाही. ऐपत म्हणजे जमिनीचं वर्षाकाठी साधारण ४० पौंड उत्पन्न. तेवढं नसेल तर जस्टिस ऑफ द पीसच्या (काउंटीतल्या स्थानिक न्यायाधीशांच्या) यादीत नाव लावून घ्या. त्याला १४३९पासून २० पौंड पुरतात आणि वर्षातल्या चार सत्रांमधून काउंटीभर ओळखी होतात. शेरीफपद, म्हणजे काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याचं पद, मात्र जपून घ्या. मुदत वर्षाची, ठरलेली रक्कम राजाच्या खजिन्यात भरायचीच, आणि वसुली कमी पडली तर तूट खिशातून. वर १३७२पासून शेरीफला स्वतः पार्लमेंटवर बसायला बंदी.

मग वरचा हात शोधा. १४५५ साली नॉरफोकच्या डचेसने तिथल्या जॉन पॅस्टन या जमीनदाराला पत्र लिहून जॉन हॉवर्ड आणि रॉजर चेंबरलेन यांच्यासाठी मत मागितलं होतं. तिच्या नवऱ्याला, ड्यूकला, पार्लमेंटमध्ये आपली माणसं हवी होती. हॉवर्ड शेजारच्या सफोकचा, त्यामुळे स्थानिक मंडळी कुरकुरली, पण निवडून आले ते दोघेच. ड्यूकचं पत्र हाती असलं की बाहेरचा उमेदवारही खपतो. पत्र नसेल तर निदान त्याचा विरोध नाही एवढं पाहून घ्या.

मतदार म्हणजे काउंटीत राहणारा आणि खर्च वजा जाता वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेला माणूस (१४२९चा कायदा). शेरीफ त्याला शपथेवर उत्पन्न विचारू शकतो, तेव्हा आपल्या माणसांना आकडा पाठ करून ठेवायला सांगा. ही मंडळी लांबून येतात, त्यांच्या खाण्यापिण्याची सोय तुमच्याकडे. १४६७ला सफोकच्या निवडणुकीत इप्सविचला हॉवर्ड आणि त्याच्या जोडीदाराने जेवणावळींवर ४० पौंडांहून जास्त उधळले. प्रतिनिधीचा भत्ता दिवसाला ४ शिलिंग (पौंडाचे २० शिलिंग), म्हणजे हा एकट्याचा दोनशे दिवसांचा भत्ता झाला. पार्लमेंट सहसा इतके दिवस चालतच नाही.

काउंटी कोर्ट नॉरिचला चार आठवड्यांनी एकदा भरतं. निवडणूक सकाळी ८ ते ११च्या दरम्यान, आवाजी. गर्दी लवकर आत घाला. निकालाच्या करारपत्रावर निवडणाऱ्यांच्या मोहरा लागतात. वजनदार लोकांच्या मोहरा उठल्याशिवाय जागा सोडू नका, कारण ते पत्र पुढे शेरीफच पाठवतो. खोटं पत्र पाठवलं तर त्याला १०० पौंड दंड आणि वर्षभर कैद आहे खरी, पण कज्जा उभा राहीपर्यंत पार्लमेंट आटोपलेलं असतं.

शेरीफच विरोधात असेल तर प्रकरण हातघाईवर येतं. १४६१ला शेरीफ होता हॉवर्ड आणि उमेदवार पॅस्टन. कोर्टाच्या जागेतच खटका उडाला आणि हॉवर्डच्या माणसाने पॅस्टनवर खंजीर चालवला. अंगात जाड डबलेट (अस्तराचं जाकीट) होतं म्हणून तो वाचला. पुढे लंडनच्या फ्लीट तुरुंगाची हवाही पॅस्टनलाच खावी लागली. तेव्हा अशा दिवशी जाड कपडे घाला आणि सोबत माणसं न्या.

काउंटीत डाळ शिजली नाही तर एखाद्या शहराची जागा धरा. प्रतिनिधी त्याच शहरात राहणारा हवा असं १४१३चा कायदा म्हणतो, पण तो फारसा कोणी पाळत नाही. पॅस्टनचा मुलगा १४७८ला ग्रेट यार्मथमधून गेला. शहराचा भत्ता दिवसाला २ शिलिंग, तोही रडतखडत. म्हणून स्वस्तात जायची तयारी दाखवा, शहर खूश होतं. १४६३ला सफोकमधल्या डनिचच्या प्रतिनिधीने पार्लमेंट कितीही दिवस चालो, मोबदला म्हणून हेरिंग मासळी घ्यायचं कबूल केलं होतं.