वेबसाइट ऐकून बघा: मराठी संकेतस्थळ सर्वांना वापरता येईल असं कसं करावं

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. एकदा आमचे एक दृष्टिहीन सभासद माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी फोनवर आमचं मुखपृष्ठ उघडलं. दिवाळी अंक योजनेची सूचना सगळ्यात वर होती. फोनमधल्या टॉकबॅकनं, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सुविधेनं, ती एकाच शब्दात वाचली: "इमेज". वर्गणी किती, शेवटची तारीख कोणती, सगळं त्या चित्रात अडकलेलं. "काय लिहिलंय हो तिथे?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. ती सूचना मीच टाकली होती.

तेव्हापासून जे शिकलो ते क्रमानं सांगतो. कोड लिहिता येत नसला तरी यातलं बरंचसं तुम्हाला जमेल, कारण बरेच अडथळे मजकूर टाकतानाच तयार होतात.

पायरी १: माउस बाजूला ठेवा आणि ऐका

विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम, मोफत मिळतो. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीकचा आवाज मराठी वाचतो. सुरुवातीला तो यांत्रिक वाटेल, पण दोन दिवसांत कान सरावतात. तुमची साइट उघडा, स्क्रीनचा उजेड पूर्ण कमी करा आणि एच हे अक्षर दाबत जा. दर वेळी पुढचं शीर्षक ऐकू आलं पाहिजे. काहीच आलं नाही, तर तुमची शीर्षकं नुसती ठळक आणि मोठी केलेली आहेत. एडिटरमध्ये तीच ओळ निवडून तिला 'हेडिंग २' करा. डोळस माणूस पान वरवर चाळतो, तसं दृष्टिहीन वाचक शीर्षकांवरून उड्या मारत पान चाळतो.

मग इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबा. पानावरच्या सगळ्या लिंकची यादी येईल. आमच्या यादीत "येथे क्लिक करा" ओळीनं नऊ वेळा होतं. लिंकचे शब्दच बोलके हवेत: "सभासदत्वाचा अर्ज", "नवीन पुस्तकांची यादी". एनव्हीडीए बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

पायरी २: अक्षरं खरी आहेत का, ते तपासा

मराठीपुरतं बोलायचं तर मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेव या अशाच जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं. स्क्रीन रीडर तेच वाचणार. अशी अख्खी परिपत्रकं ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडत असेल, कल्पना करा. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार नजरेखालून घाला. गडबड तिथेच होते.

पीडीएफची परीक्षा सोपी आहे. त्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे धड मराठी उमटलं नाही, तर ती फाइल ऐकताही येणार नाही. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तर निवडायला अक्षरंच नसतात. अशा वेळी तोच मजकूर पानावर लिहून टाका आणि पीडीएफ हवी तर खाली जोडा.

चित्रातल्या सूचनेचंही तेच. पोस्टर खुशाल लावा, पण तारीख, वेळ, ठिकाण आणि शुल्क खाली अक्षरांत द्या. फोटोला पर्यायी मजकूर (स्क्रीन रीडर चित्राच्या जागी वाचतो ते वर्णन) लिहिताना, तो फोटो फोनवरून कुणाला कसा सांगाल ते आठवा: "पुस्तक प्रदर्शनात मुलांसाठीच्या टेबलाभोवती जमलेली शाळकरी मुलं". केवळ शोभेची नक्षी असेल तर पर्यायी मजकुराची जागा रिकामी ठेवा.

पायरी ३: पानाची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगा

देवनागरी हिंदीचीही आहे, त्यामुळे नुसत्या लिपीवरून यंत्राला भाषा ओळखता येत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषेची नोंद 'इंग्लिश' असेल, तर स्क्रीन रीडर चुकीच्या आवाजात वाचतो किंवा मजकूर सरळ गाळतो. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर असेल, तर सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडलं की काम झालं.

पायरी ४: रंग आणि अक्षरांचा आकार

डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ इतका उजेडातला फरक हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. आपल्याकडे भगव्यावर पांढरी अक्षरं फार आवडतात. तिरंग्यासाठी संगणकावर सर्रास वापरली जाणारी भगवी छटा घेतली, तर हा फरक जेमतेम २.१:१ भरतो. मोतीबिंदू असलेल्या आजींना किंवा उन्हात फोन पाहणाऱ्याला ते वाचता येत नाही. भगवा ठेवायचाच असेल तर त्यावर काळी अक्षरं घ्या.

कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबत पान २०० टक्के मोठं करा आणि काही कापलं जातं का ते बघा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर उकार आणि वेलांट्या एकमेकांत घुसतात. दीडपट तरी ठेवा. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

पायरी ५: अर्ज

आता टॅब दाबत अर्ज भरून बघा. तुम्ही कुठल्या रकान्यात आहात हे दाखवणारी चौकट दिसते ना? देखणेपणासाठी ती काढून टाकतात. ती परत आणा. हात थरथरणारे किंवा माउस धरता न येणारे लोक त्याच चौकटीच्या आधारानं पुढे जातात. रकान्याचं नाव आतल्या फिकट अक्षरांत ठेवू नका, टाइप करू लागताच ते नाहीसं होतं. "लाल रकाने भरा" याऐवजी "मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा" असं लिहा. बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी हवीत.

ओळख पटवण्याची एकच पद्धत कधीही ठेवू नका. केवायसी करताना डोळे मिचकावायला सांगितलं जातं आणि अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते करता येत नाही. त्यातूनच झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

पायरी ६: व्हिडिओ आणि भाषा

व्हिडिओला मराठी उपशीर्षकं द्या आणि आपोआप तयार झालेली हातानं दुरुस्त करा. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी दुसरी. "सदर अर्जदाराने विहित नमुन्यात अर्ज सादर करावा" यापेक्षा "हा अर्ज भरून द्या" हे त्यांना चटकन कळतं. आणि खरं तर सगळ्यांनाच कळतं.

एका बटणात साइट सुलभ करून देतो म्हणणारी तयार विजेट विकली जातात. त्यावर पैसे घालवू नका. आतला मजकूर चित्रातच असेल तर वरून लावलेलं बटण त्याला वाचा देऊ शकत नाही.

ते पैसे शेवटच्या पायरीसाठी ठेवा: एका दिव्यांग वापरकर्त्याला मानधन देऊन बोलवा. "अमुक पुस्तक शोधा आणि राखून ठेवा" असं एक काम द्या आणि मदत न करता शेजारी बसा. आमचे सभासद शोधपेटीपाशी अडले. तिथलं बटण म्हणजे नुसतं भिंगाचं चित्र होतं, त्याला नावच नव्हतं. स्क्रीन रीडर "बटण" एवढंच म्हणून थांबायचा. त्याला 'शोधा' हे नाव दिलं, पान पुन्हा उघडलं आणि त्यांनी हवं ते पुस्तक स्वतः राखून ठेवलं.